दोन भाषांचा शेजार

ज्या गावांत लोक नित्य दोन-तीन भाषा बोलतात, तेथे त्या भाषा एकमेकींपासून अलिप्त राहत नाहीत. या देवाणघेवाणीचे बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे कुपवाडची बोली जगभरच्या भाषाभ्यासकांना परिचित झाली.

तेव्हा तेथील जैन शेतकरी घरी कन्नड बोलत, मुसलमान कुटुंबे उर्दू आणि इतर अनेक कुटुंबे मराठी बोलत. परस्परांतील व्यवहार मुख्यतः मराठीतून चाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या सहवासाने तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य तेथील उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ असे होते. कन्नडमध्येही पदांचा क्रम हाच राहतो.

लिंगव्यवस्थेतही असाच बदल झाला. कन्नडमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग सामान्यतः माणसांपुरते असून निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी मानल्या जातात. त्या प्रभावाने कुपवाडच्या मराठीत पूर आल्यास ‘नदी आली होती’ असे न म्हणता ‘नदी आलं होतं’ असे म्हणत.

मात्र शब्द बरेचसे ज्याचे त्याचेच राहिले. कामाच्या निमित्ताने व्याकरण जुळले, पण घराची व समाजाची ओळख शब्दांनी जपली, असा याचा अर्थ लावता येतो.

शाळेच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातील कन्नडभाषी घरातील मूल ‘भिंत पडलं’ असे म्हणते, तेव्हा ते मंदबुद्धी किंवा निष्काळजी नसते. ते घरच्या भाषेचा नियम मराठीला लावत असते. त्या चुकीबद्दल मुलाला हिणवल्यास ते वर्गात बोलणेच सोडून देते. त्याऐवजी शिक्षकाने दोन्ही भाषांतील नियमांचा फरक उलगडून दाखवावा आणि ‘ती भिंत, ते झाड, तो दगड’ असा सराव घ्यावा.

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक प्राधिकरणांनी करावा, असे राज्यघटनेचा १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०क सांगतो. म्हणून मुलाची घरची भाषा कोणती, याची जाणीव शिक्षकांइतकीच पंचायत सदस्यांनीही ठेवणे अगत्याचे आहे. घरची भाषा ही मराठी शिकण्यातील अडचण नव्हे. ती मराठीकडे नेणारी पहिली पायरी होय.