ओल्ड स्कूल रुनस्केप: नवख्याने कॉइन्स कसे कमवायचे?

दिवाळीत बपेऱ्याला गेलो होतो. ओल्ड स्कूल रुनस्केप खेळणाऱ्या मामेभावाने मोबाईल पुढे केला, "दादा, एक जण म्हणतो कॉइन्स दे, डबल करून देतो. देऊ का?"

बिलकुल नको! असा माणूस आधी थोडे डबल करून देतो, मोठी रक्कम हातात आली की गायब.

मग कमवायचं कसं? आधी छोटे क्वेस्ट करा. 'शीप शिअरर'मध्ये शेतकऱ्याला लोकरीचे 20 गुंडे दिले की थोडे कॉइन्स मिळतात. नव्या मोफत अकाउंटला काही वस्तू लगेच विकता येत नाहीत, ते बंधन सुटायलाही क्वेस्ट लागतात. मायनिंग लेव्हल 15 झाली की लोखंडाचं खनिज खोदा. इन्व्हेंटरीत फक्त 28 जागा असतात, म्हणून माल बँकेत साठवत राहा.

विकताना घाई नको. गेममधल्या दुकानात जास्त माल टाकला की भाव पडतो. व्हॅरॉकच्या ग्रँड एक्स्चेंजवर मात्र भाव तुम्ही लावता, घेणारा खेळाडू मिळाला की सौदा होतो. धान दारातच द्यायचं की तुमसरच्या बाजार समितीत न्यायचं, तसंच हे.

भावाने त्या माणसाला ब्लॉक केलं आणि मेंढ्या कातरायला घेतल्या.