बॅग भरायची ती पाण्याच्या हिशेबानं

‘उन्हाळ्यात लेकवर जाणार आहोत’ असं फोनवर सांगितलं की तिकडे आई-बाबांच्या डोळ्यांपुढे रंकाळा नाहीतर खडकवासला उभा राहतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्यालाही इथे येऊन कितीतरी वर्षं झाली तरी ‘लेक’ म्हटलं की मनात तळंच येतं. लेक सुपीरियर मात्र तळ्याच्या हिशेबात बसत नाही. क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पुण्यासारखे पाच जिल्हे आत मावतील. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी. चव गोडी, पण लाटा आणि वादळं समुद्राची. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे प्रचंड मालवाहू जहाज याच पाण्यात २९ माणसांसह बुडालं.

विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, बेफील्ड गावासमोर, या पाण्यात २२ अपॉसल बेटं आहेत. त्यांतली २१ बेटं १९७० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतात. उरलेल्या मॅडलिन बेटावर ला पॉइंट नावाचं गाव आहे. ओजिब्वे लोक या सरोवराला गिचिगामी म्हणतात आणि मॅडलिन बेट त्यांना पवित्र आहे. मिनियापोलिसहून बेफील्ड गाडीनं साधारण चार तास. दीपगृहं, वाळूच्या दगडातल्या लाटांनी कोरलेल्या गुहा, दाट झाडी यांमुळे आपली मंडळीही तिकडे जातात. आधी क्रूझ होते, मुलं मोठी झाली की कयाक आणि तंबूचे बेत सुरू होतात. पुढच्या उन्हाळ्याचे बेत हिवाळ्यात घरात बसूनच ठरतात, म्हणून सामानाचा विषय दिवाळीतच काढते आहे.

आपण बॅग भरतो ती हवामान बघून. जुलैत ऐंशी फॅरनहाइट दिसलं की टी-शर्ट, जीन्स आणि संध्याकाळसाठी एखादा हुडी. हवेच्या हिशेबानं ते बरोबर आहे. पण बेटांवर जाताना हिशेब पाण्याचा करायचा असतो. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असतं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. ते जड, थंड पाणी या सरोवराच्या खोलीत बारा महिने असतं. जूनमध्ये मोकळ्या पाण्याचा पृष्ठभागही बहुतेक पाच ते दहा अंशांच्या आसपास असतो. ऑगस्टमध्ये उथळ खाडीत मुलं डुंबू शकतात, पण वारा किनाऱ्याकडून आत वाहू लागला की वरचं कोमट पाणी दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. काल पाय सोडून बसलो त्याच जागी आज पाय बधिर होतात.

अशा पाण्यात माणूस अचानक पडला तर काय होतं, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक-दहा-एक अशा सोप्या आकड्यांत सांगितलं आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. गारठ्यानं आपोआप मोठा श्वास ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच घात होतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग बोटांना साधं बक्कलही लावता येत नाही. आणि शरीर थंड होऊन शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे ‘मला पोहता येतं’ याचा उपयोग फार थोडा वेळ असतो. तास हाताशी असतो, पण लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच.

म्हणून सामानाच्या तीन राशी करायच्या: अंगावरची, हाताशी राहणारी आणि तळाशी जाणारी. पाण्यात पडल्यावर आपल्याबरोबर फक्त पहिलीच येते.

अंगावरची रास. कयाकमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, बक्कल लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच. त्याच्या आत वेटसूट किंवा ड्रायसूट. बेफील्डमध्ये ते भाड्यानं मिळतात, विकत घ्यायची गरज नाही. बाहेर ऊन असताना वेटसूटमध्ये उकडतं, मुलं कुरकुरतात. त्यांना वेटसूटसकट पाण्यात एक बुडी मारू द्यावी, पण तो काढू देऊ नये. जॅकेटच्या खिशात शिट्टी आणि मरीन व्हीएचएफ रेडिओ. बेटांमध्ये मोबाइलचा भरवसा नसतो. रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर मदत मागता येते, आणि हवामानाचा अंदाजही रेडिओवर ऐकता येतो. कयाकही तळ्यातली आखूड नको. मोकळ्या पाण्यासाठी निदान सोळा फुटी, पुढे-मागे बंद कप्पे असलेली समुद्री कयाक हवी आणि तिची सवय असलेला वाटाड्या बरोबर हवा.

हाताशी राहणारी रास म्हणजे कोरडे कपडे. इथे आपल्या आवडत्या सुती कापडाला रजा द्यायची. सूत पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. जीन्स तर सर्वांत वाईट. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते, पॉलिएस्टर लवकर वाळतं. आईनं भारतातून येताना आणलेला हातानं विणलेला लोकरी स्वेटर आपण इथे कपाटात ठेवतो आणि मुलांना सुती हुडी घालतो. या सहलीला नेमकं उलटं करायचं. प्रत्येकाचा एक संपूर्ण कोरडा जोड, लोकरी मोजे आणि टोपी वेगळ्या ड्राय बॅगेत, हात घातला की मिळेल अशी. पिशवी खरंच पाणी अडवते का हे घरीच पाहावं: आत वर्तमानपत्र घालून बाथटबमध्ये अर्धा तास दाबून ठेवायची.

कोणी थरथरू लागलं, बोलताना अडखळू लागलं किंवा चेन ओढायला चाचपडू लागलं, तर किनारा गाठायचा, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, वाऱ्यापासून आडोसा करायचा आणि माणूस पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्यायचं. हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही. थरथर थांबली पण माणूस गुंगीत गेला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे. लगेच मदत बोलवायची.

तळाशी जाणारी रास म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, शिधा. कयाकच्या कप्प्यांची तोंडं लहान असतात, म्हणून एका मोठ्या बॅगेऐवजी आठ-दहा छोट्या पिशव्या कराव्यात. जड वस्तू मध्यभागी आणि खाली, हलक्या टोकांना. काचेची बरणी नको. शिध्यात आपलं स्वयंपाकघर कामाला येतं: फोडणी देऊन कोरडा भाजलेला उपम्याचा रवा, तसंच पिठल्याचं भाजलेलं बेसन. दोन्हींना उकळतं पाणी पुरतं. शिवाय खाकरे, गूळ-शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू. थंडीत कुडकुडताना शरीर भराभर इंधन जाळतं, तेव्हा लाडवाचे लाड करायचे नसतात, तो वेळेवर खायचा असतो. सरोवराचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्यावं. स्टॉकटन, ओक अशा बेटांवर काळी अस्वलं आहेत, म्हणून खाणं आणि वासाची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टपासून बामपर्यंत, तंबूत न ठेवता तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवायची. लाकूडफाटा घरून नेऊ नये. त्यातून झाडांना लागणारी कीड बेटांवर पोचते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर बहुधा क्रूझच. पण गावात उकडत असतं तेव्हाही बोटीच्या डेकवर वारा झोंबतो. आजींची साडी असू दे, आत थर्मल आणि वर वारा अडवणारं जाकीट. आजोबांची माकडटोपी इथे अजिबात हसण्याजोगी नाही.

या सगळ्या सामानाहून महत्त्वाची गोष्ट बॅगेत मावत नाही. ती म्हणजे एक मोकळा दिवस. इथे वारा फिरला की दोन-तीन फुटी लाटा बघता बघता उठतात आणि बेटावरून निघता येत नाही. तेव्हा ‘उद्या सोमवार, ऑफिस आहे’ एवढ्या एका कारणासाठी माणसं पाण्यात उतरतात. ते कारणच घरी ठेवून जायचं. रविवारी परतायचं असेल तर सोमवारची रजा आधीच टाकायची आणि एका दिवसाचं जेवण व औषधं जास्तीची घ्यायची. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच होड्या लोटतात. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारी माणसं थांबतात, तर आपण तिथे पाहुणे. आपल्याला एक दिवस थांबायला काय हरकत?

निघण्यापूर्वी एक कागद लिहायचा: कोण कोण जातंय, कोणत्या बेटावर, कोणत्या वाटेनं, कयाकचा रंग, परतायची वेळ आणि कुठली वेळ टळली की मदतीला फोन करायचा व कुणाला. हा कागद गाडीच्या काचेवर न चिकटवता किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाच्या हातात द्यावा. बेफील्डच्या खोलीत थांबलेल्या आजीइतकं हे काम चोख करणारं दुसरं कोणी नाही. त्यांना नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, फोन कसा लावायचा ते एकदा करून दाखवावं, आणि ‘आम्ही एक दिवस उशिरा येऊ शकतो, तेव्हा घाबरायचं नाही, पण ही वेळ टळली तर थांबायचंही नाही’ हे समजावून सांगावं. मग बॅगेची चेन ओढायला हरकत नाही.