तीन लोकलमध्ये मावणारं गाव

खुलताबादला रेल्वे नाही. मनमाडकडून येणारा लोहमार्ग १९०० साली संभाजीनगरला पोहोचला. तो दौलताबादच्या किल्ल्याजवळून पुढे गेला. वर पठारावर, दर्ग्यांच्या आणि भद्रा मारुतीच्या या गावाला मात्र चढला नाही. याचं कारण मला नकाशापेक्षा आकड्यांत जास्त स्पष्ट दिसतं. गाव शहरापेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंचावर आहे. मोटार वळणं घेत घाट चढते, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड फारच थोडी. बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. त्याच मानाने अडीचशे मीटर चढायचं तर सव्वानऊ किलोमीटर एकसारखी चढण हवी. शंभराला एक असा सोसवेल असा चढ धरला तर ती पंचवीस किलोमीटर भरते. शहर ते खुलताबाद हे अख्खं अंतर साधारण तेवढंच आहे.

मग मोठ्या शहरांनी आपली रेल्वे घरांच्या माथ्यावर नेली ती कशी? लंडनमध्ये १८३६ साली ग्रिनिचकडे जाणारी गाडी सुरू झाली, तेव्हा रस्ते जागोजागी अडू नयेत म्हणून सगळा मार्गच विटांच्या कमानींवर उचलला होता. कमानी ८७८, लांबी जेमतेम साडेपाच किलोमीटर आणि विटा सुमारे सहा कोटी. एक वीट नऊ इंचांची धरून त्या एकीपुढे एक मांडल्या तर रांग साडेतेरा हजार किलोमीटरची होते. म्हणजे खुलताबादहून संभाजीनगरला २७० वेळा जायचं आणि तितक्याच वेळा परत यायचं! मार्गाच्या दर मीटरला दहा हजारांहून जास्त विटा पडल्या. आपल्याकडे तेवढ्यात दोन खोल्या उभ्या राहतात.

मुंबईची सुरुवात रस्त्यावरूनच झाली. ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनीपर्यंत घोड्यांची ट्राम धावली. हा कारभार वाढता वाढता ट्राम कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे झाले. मला हा आकडा चाऱ्यात मोजावासा वाटतो. कष्टाच्या घोड्याला रोज दहा किलो चारा-दाणा धरला तर नऊ टन, आणि पंधरा किलो लीद धरली तर साडेतेरा टन. ट्राम धावो न धावो, घोडा खाणारच. शहराची माणसं हलवायची तर आधी रोज नऊ टन वैरण हलवा, असा तो हिशोब होता. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि हे ओझं संपलं.

विजेनेच पुढे मुंबईची गाडी उंचावर चढवली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. सँडहर्स्ट रोड ते डॉकयार्ड रोड हा मार्ग वस्तीच्या डोक्यावरून, पोलादी खांबांवरून जातो. सँडहर्स्ट रोडला म्हणूनच एकाच स्थानकाची खालची आणि वरची अशी दोन रूपं आहेत. ते पोलाद स्कॉटलंडच्या ग्लेनगार्नॉकचं. खांबांवर तसं नाव उमटवलेलं आहे. शंभर वर्षं झाली, वरून लोकल जाते आणि खाली बाजार भरतो. मला मुंबईतलं कोणतंही स्मारक यापेक्षा मोठं वाटत नाही.

गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसं असतात. खुलताबादची वस्ती पंधरा-सोळा हजार. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव तीन-साडेतीन लोकलमध्ये मावतं. दर तीन मिनिटांनी एक गाडी धरली तर चहा उकळून कपात येईपर्यंत गावात कोणी उरणार नाही.

आमच्या वाट्याला मात्र मोटारबस आली, आणि गंमत म्हणजे तीही रेल्वेच्याच हातून. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचं खातं काढलं तेव्हा त्यात २७ बस आणि १६६ माणसं होती. हैदराबाद संस्थान सुमारे दोन लाख चौदा हजार चौरस किलोमीटरचं. बस प्रत्यक्षात ठरावीक मार्गांवरच धावल्या, पण सगळीकडे सारख्या वाटल्या असत्या तर जवळजवळ आठ हजार चौरस किलोमीटरला एक बस आली असती. आमच्या जिल्ह्याचा वाटा जेमतेम सव्वा बस! १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे इथली बससेवा एसटीत मिळाली. आज एसटीच्या चौदा-पंधरा हजार बस महाराष्ट्राच्या तीन लाख चौरस किलोमीटरवर वाटल्या तर वीस-बावीस चौरस किलोमीटरला एक बस येते. एका आयुष्याच्या अवधीत झालेला हा बदल मला त्या सहा कोटी विटांहून मोठा वाटतो. ज्या गावांना रूळ कधीच मिळणार नव्हते, ती यामुळे तालुक्याला, शाळेला, दवाखान्याला जोडली गेली.

तरीही रुळाची ताकद वेगळीच. तीन-साडेतीन लोकलमधलं ते खुलताबाद ४४ आसनांच्या एसटीत बसवलं, तर साडेतीनशेच्या आसपास गाड्या लागतील. एकीच्या मागे एक चिकटून उभ्या केल्या तर रांगेचं पहिलं टोक आमच्या स्टँडवर आणि शेवटचं थेट वेरूळच्या लेण्यांपाशी.

श्रावणातल्या शनिवारी ही रांग माणसांची असते. शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून निघालेली माणसं पाच-सहा तास चालत घाट चढतात आणि उजाडता उजाडता भद्रा मारुतीपाशी पोहोचतात. परतीला त्यांचे पाय भरून आलेले असतात, आणि सगळ्यांच्या नजरा स्टँडवर लागणाऱ्या पहिल्या लाल गाडीकडे असतात.