पालकसभेला कोण येते, कोण येत नाही?

पालकसभा म्हटली की आम्हा शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, असे कोणी सांगितले तर पालकांना ते खरे वाटणार नाही. शाळेतून बोलावणे आले की धास्ती फक्त आईबापांनाच वाटते, असा आपल्या वस्त्यांमधला समज आहे. पण टेबलाच्या अलीकडे बसलेले आम्हीही त्या दिवशी सुखात नसतो.

साधा हिशेब पाहा. वर्गाच्या पटावर चाळीस मुले आणि सभेसाठी दोन तास. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला आली तीन मिनिटे. त्यातच प्रगतीपुस्तक दाखवायचे, सही घ्यायची, सहामाहीचे गुण सांगायचे. वर्षभर सोबत असलेल्या मुलाविषयी तीन मिनिटांत काय बोलणार? “अभ्यास घेत जा, लक्ष द्या,” एवढे सांगून होते न होते तोच मागचा पालक पुढे सरकतो.

दुसरे दुःख याहून मोठे आहे. ज्यांना भेटण्याची गरज नसते, तेच पालक सगळ्यात आधी येतात. मुलगी पहिली आली आहे, तरी दोन गुण कुठे गेले म्हणून अर्धा तास विचारणारे येतात. आणि ज्या मुलाला पाचवीत येऊनही धड जोडाक्षर वाचता येत नाही, ज्याची महिन्यातून दहा दिवस गैरहजेरी लागते, त्याच्या नावापुढची सहीची जागा कोरीच राहते. मग शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कोणीतरी म्हणतेच, “या लोकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाही.”

हे बोलणे आम्हाला मान्य नाही. सभा ठेवली जाते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या वेळी त्या मुलाचा बाप नाक्यावरून मिळालेल्या बिगारी कामावर असतो आणि आई तिसऱ्या घरची भांडी घासत असते. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. महिन्यातून दोन खाडे झाले तर घरकाम हातचे जाते. अशा आईला ‘बेपर्वा’ म्हणणे सोपे आहे. सभा तिच्या वेळेला ठेवणे मात्र कोणाला सुचत नाही.

जे कष्टकरी पालक पदरमोड करून येतात, त्यांच्याशी बोलतानाही मन कचरते. “गुरुजी, ऐकत नसेल तर बिनधास्त मारा,” असे बाप हात जोडून सांगतो. मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केले आहे. पण खरी भीती वेगळीच असते. “अपूर्णांक कच्चे आहेत,” एवढे सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी पोर पाठीवर वळ घेऊन वर्गात यावे! असे झाले की शिक्षक पुढच्या वेळी खरे सांगायला धजत नाही. “ठीक आहे” म्हणून मोकळा होतो. नुकसान मुलाचेच होते.

काही आया कोपऱ्यात उभ्या राहून म्हणतात, “आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय बाई?” मायबहिणींनो, असे म्हणू नका. पोर फळ्यावरचे अर्धवट उतरवून घेते, एवढेच आम्हाला दिसते. ते टीव्हीला नाक लावून बसते, हे तुम्हाला ठाऊक असते. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच कळते, की पोर आळशी नाही, त्याला चष्मा हवा आहे. पहाटे पाण्याच्या रांगेत कोण उभे राहते, धाकट्याला कोण सांभाळते, रात्री दिवा किती वाजता मालवतो, हे शाळेच्या कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

पालकांना भेटणे ही शाळेची मेहेरबानी नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे त्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि पालिकेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. सभेची वेळ बदला, असे सांगण्याची जागा हीच समिती आहे. त्या जागा आपण भरतो का?

वेळ बदलता येते, याचा दाखला आपल्या घरातलाच आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तिथे वर्ग सकाळी भरवले. कामगाराने कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे चालावे, असा हट्ट धरला नाही. मग आजच्या शाळेला महिन्यातून एक संध्याकाळ किंवा एक रविवार का काढता येऊ नये?

तोवर पालकांनी एवढे करावे. गुण किती, हे प्रगतीपुस्तकात लिहिलेलेच असते. सभेत दुसरे विचारा. माझे मूल वर्गात बोलते का? कोणाशेजारी बसते? त्याला नेमके काय येत नाही, आणि घरी आम्ही काय करावे? ऐकलेल्या उत्तरासाठी घरी मुलावर हात उगारू नका. आणि येणे जमणारच नसेल, तर शाळेची चिठ्ठी तशीच परत पाठवू नका. सहीखाली एक ओळ लिहा, मोठ्या मुलीकडून लिहून घेतली तरी चालेल: “कामावरून सात वाजता सुटते. कधी भेटू, ते कळवा.”

कोऱ्या जागेपेक्षा ही एक ओळ आम्हाला फार मोलाची आहे.