खोडदच्या शांततेचे नियम

जुन्नर तालुक्यात खोडदला पोहोचले की शेतांमधून पांढऱ्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या डोके वर काढताना दिसतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० तबकड्या मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बनते. त्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना, दूरदूरच्या गावांच्या शिवारांत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही दुर्बीण २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

या दुर्बिणीला पाहण्यापेक्षा ऐकण्याची गरज अधिक. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांत गणला जाईल. मग जवळच्या नारायणगावच्या बाजारपेठेतल्या हजारो मोबाइलांचे काय?

कायदा इथे थोडेसेच संरक्षण देतो. हायड्रोजनचा संकेत १४२० मेगाहर्ट्झला असतो आणि त्याभोवतीचा अरुंद पट्टा आंतरराष्ट्रीय करारांनी खगोलशास्त्रासाठी राखून ठेवला आहे. पण विश्व प्रसरण पावते आहे, त्यामुळे दूरच्या दीर्घिकांचे संकेत ताणले जाऊन खालच्या वारंवारितांवर उतरतात. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत टिपला. तो ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास आला, म्हणजे राखीव पट्ट्याच्या पार बाहेर. सुधारित जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, आणि ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइलपट्टा त्याच्या मधोमध येतो. तिथे कायद्याची भिंत संपते. पुढे शेजाऱ्यांची वागणूकच उपयोगी पडते.

ही वागणूक आधी दुर्बिणीच्या माणसांनी स्वतःला लावून घेतली आहे. मध्यवर्ती आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो, आणि रेडिओलहरी सोडणारी उपकरणे धातूच्या आवरणात कोंडावी लागतात, कारण वेधशाळेचे स्वतःचे संगणकही रेडिओगोंगाट करतात. वीजवाहिन्यांवर ठिणग्या उडाल्या तरी दुर्बिणीला त्रास होतो.

नियम शेजाऱ्यांवर येतात तेव्हा मात्र वाद पेटतो. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग आंबेगाव आणि जुन्नरमधून, मंचर-नारायणगाव पट्ट्यातून जाणार होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या पेंटोग्राफपाशी, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्यापाशी, ठिणग्या उडतात आणि त्या दुर्बिणीला बाधतात. या कारणाने रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्ग बदलावा लागेल असे सांगितले. खासदार अमोल कोल्हे यांच्यासह या भागातल्या अनेकांनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. ज्यांनी वर्षानुवर्षे या रेल्वेची वाट पाहिली, त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. दुर्बीण देशाची, पण रेल्वे गमावायची या दोन तालुक्यांनी, हा हिशेब त्यांना कसा पटावा?

नियम पाळणाऱ्यांना आधी विचारायचे की नाही, हा वाद तंत्रज्ञानाच्या जगातही वेगळ्या रूपात झाला. लिनक्स हे हजारो प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेले सॉफ्टवेअर. त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या तिखट शेरेबाजीवर बरीच वर्षे टीका होत होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले, आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ती घाईने आणली, आधी मोकळी चर्चा झालीच नाही, अशी तक्रार लगेच उठली. इथे कामाचा दर्जा पाहायचा की वागणूक, तक्रार आली तर निवाडा कोण देणार, असे प्रश्न विचारले गेले. ऑक्टोबरमध्ये नियमांचा अर्थ स्पष्ट करणारी पुरवणी जोडावी लागली. नियमांची गरज खरी होती, पण ज्यांनी ते पाळायचे त्यांना ते आधीच तयार होऊन समोर आल्यासारखे वाटले.

जुन्नर-आंबेगावात नेमके हेच टाळायला हवे. दुर्बीण वाचवलीच पाहिजे, यात तडजोड नको. अशी जागा पुन्हा शोधणे फार कठीण. पण गाडीच्या ठिणग्यांचा गोंगाट किती, किती अंतरावर तो सोसता येतो, भुयार वा आच्छादित मार्गाने तो किती कमी होतो, ही मोजमापे मराठीत, सोप्या शब्दांत, मंचर आणि नारायणगावच्या सभांत मांडली जावीत. गावकऱ्यांना प्रश्न विचारता यावेत आणि उत्तर देणारा अधिकारी समोर असावा. मार्ग बदलायचाच असेल तर या तालुक्यांना दळणवळणाची दुसरी कोणती सोय मिळणार, तेही त्याच सभेत लेखी द्यावे.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुले मोठ्या संख्येने येतात. त्या दिवशी जाणाऱ्यांनी मोबाइल बंद ठेवावाच, आणि परतण्याआधी शास्त्रज्ञांना रेल्वेचा प्रश्नही जरूर विचारावा.