हवा शुद्ध हवी, झोपही हवी : एअर प्युरिफायरच्या आवाजाचे गणित

नवी दिल्ली : हिवाळ्यात उत्तर भारतात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते, धुराला वर जाण्यास वाट उरत नाही आणि प्रदूषणाचे कण खालीच साचतात. त्यामुळे एअर प्युरिफायरची गरज अनेकदा रात्रीच सर्वाधिक असते. त्याचा आवाज जाचतो तोही नेमका याच वेळी. छताचे पंखे बंद असतात, खिडक्या लावलेल्या असतात आणि शांत खोलीत यंत्राची घरघर झोपू देत नाही. मग घरातले कोणीतरी उठून ते बंद करते. हजारो रुपये मोजून आणलेले यंत्र गरजेच्या वेळी मुके होऊन बसते.

याचे मूळ बहुतेक वेळा खरेदीत असते. खोक्यावर ठळकपणे छापलेला २० ते २५ डेसिबलचा आकडा सामान्यतः सर्वांत कमी वेगाचा असतो. त्याच्याच शेजारी ‘सीएडीआर’, म्हणजे यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा पुरवते, हा आकडा असतो आणि तो सर्वाधिक वेगाचा असतो. दोन्ही आकडे खरे असले तरी ते एकाच वेळी कधीच पदरात पडत नाहीत. पूर्ण वेगात अनेक घरगुती यंत्रांचा आवाज ५० डेसिबलच्या पुढे जातो.

डेसिबलचे माप फुटपट्टीसारखे सरळ चढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो. शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले होते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ती परिसरातील आवाजासाठी आहे, उशाशी ठेवलेल्या यंत्रासाठी नव्हे.

यावरचा उपाय पंख्यांच्या अभियांत्रिकीतील एका ढोबळ नियमात सापडतो. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवेचा प्रवाह साधारण निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १२ बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर ताशी सुमारे २०० घनमीटर क्षमता लागते. बरोबर २०० क्षमतेचे यंत्र घेतले तर ते रात्रभर पूर्ण वेगाने चालवावे लागेल. ४०० क्षमतेचे यंत्र तेच काम साधारण निम्म्या वेगाने आणि कितीतरी कमी आवाजात करते. ते महाग असते, जागाही अधिक अडवते. पण शयनगृहासाठी हा जादा खर्च सार्थ ठरतो.

‘स्लीप मोड’कडे थोड्या संशयानेच पाहिलेले बरे. त्यात यंत्र शांत होते, कारण ते फारच कमी हवा गाळते. ‘ऑटो मोड’मध्ये वेग अचानक वाढतो, आणि एकसुरी आवाजापेक्षा असा बदल झोप अधिक मोडतो. झोपण्यापूर्वी तासभर दारे-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगाने चालवावे आणि नंतर ते मध्यम वेगावर ठेवावे, हे अधिक व्यवहार्य.

गजबजलेल्या दुकानात कोणतेही यंत्र शांतच वाटते. त्यामुळे प्रत्येक वेगाचा सीएडीआर आणि आवाज दर्शवणारा तक्ता विक्रेत्याकडे मागावा. तो मिळाला नाही, तर किमान मधल्या वेगाचे दोन्ही आकडे विचारावेत. यंत्र घरी आल्यावर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. त्याने हवा अडते आणि आवाजही घुमतो. फिल्टर धुळीने भरला की तेवढ्याच हवेसाठी वेग वाढवावा लागतो. तो वेळेवर न बदलल्यास पहिल्या हिवाळ्यात शांत वाटलेले यंत्र दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा घरघरू लागते.