मेल फोनवर येतो, राहतो कुठे?

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. टॉवेल कारखान्याचं ऑफिस बंद होत असतं आणि तिकडचा खरेदीदार नुकता कामाला बसत असतो. टॉवेलचं जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) वाढवा, काठाचा रंग जरा गडद करा, कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी पोचतोय ते कळवा, अशी विचारणा सकाळपर्यंत पडून राहिली की एक अख्खा दिवस गेला. म्हणून मालकापासून डिस्पॅच बघणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना कंपनीचा मेल फोनवर लागतो. तो जोडून देणं हे माझं काम.

"दोन मिनिटांचं काम आहे, टाकून द्या की," असं जिथे तिथे ऐकू येतं. माहिती भरायला वेळ लागत नाही, हे खरं आहे. पूर्ण पत्ता, पासवर्ड, सर्व्हरचं नाव, येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ नाहीतर ५८७. मेल येतो पण जात नाही, ही तक्रार असली तर बहुतेक वेळा जाणाऱ्या सर्व्हरला युजरनेम-पासवर्ड दिलेलाच नसतो. ते भरलं की झालं.

पण फोन हातात घेण्याआधी मी ऑफिसचा कॉम्प्युटर बघायला मागतो. तिथे मेल पॉपवर आहे की आयमॅपवर, हे कळल्याशिवाय मी फोनला हात लावत नाही. पॉप ही जुनी पद्धत. फोन लाइनवरून इंटरनेट घ्यायचं, मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि लाइन बंद करायची, अशा काळाला ती सोयीची होती. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची कित्येक वर्षं ऑफिसं अशीच चालली. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो. कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही त्याच पेटीत डोकावतात.

एका कारखान्यात मालकांच्या फोनवर आयमॅप जोडून दिला, तर त्यांना फक्त गेल्या दोन आठवड्यांचेच मेल दिसले! "बाकीचे कुठं गेले?" ते घाबरले. मेल कुठेच गेले नव्हते. अकाउंट्सच्या मॅडमच्या कॉम्प्युटरवर आऊटलुकमध्ये पॉप होता आणि सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढून टाकायची, ही आऊटलुकची नेहमीची खूण तशीच राहिली होती. कित्येक वर्षांच्या ऑर्डरी, मंजूर झालेले नमुने, एलसीची (लेटर ऑफ क्रेडिटची) कागदपत्रं, सगळं त्या एका हार्ड डिस्कवरच्या एका फाइलमध्ये होतं. दुसरी प्रत नव्हती. त्या दिवशी फोनचं काम बाजूला राहिलं. आधी त्या फाइलची प्रत काढली, सर्व्हरवर जागा वाढवून घेतली आणि जुने मेल फोल्डरप्रमाणे वर चढवले. माझ्या मते फोनवर मेल जोडण्यातलं खरं काम हेच आहे.

दुसरा घोटाळा पासवर्ड बदलल्यावर होतो. कारखान्याच्या वायफायवर कोणाचाच मेल चालेना, मोबाइल डेटावर मात्र सगळ्यांचा चालतो, अशी तक्रार आली की मी जुना फोन शोधायला लागतो. मालकांनी नवा फोन घेतलेला असतो आणि जुना डाईंगच्या सुपरवायझरला फोटो पाठवायला दिलेला असतो. त्यात कंपनीचं खातं तसंच असतं. तो फोन जुना पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळाने सर्व्हरचं दार ठोठावत राहतो. सर्व्हरला तो चोर वाटतो आणि सर्व्हर अख्ख्या कारखान्याचा इंटरनेट पत्ताच अडवतो. होस्टिंगवाल्याला सांगून अडवणूक काढता येते, पण त्या फोनमधलं खातं काढलं नाही तर तीच तक्रार पुन्हा येते.

सर्टिफिकेट जुळत नाही, असा इशारा आला की पुष्कळ जण 'सगळं स्वीकारा' दाबून मोकळे होतात. असं करू नये. बहुधा होस्टिंगच्या सर्व्हरचं खरं नाव वेगळं असतं. ते विचारून घालावं. अँड्रॉइडवर मेल उशिरा येत असेल तर बॅटरी वाचवण्याची सेटिंग त्या ॲपपुरती काढावी.

मोठ्या कंपन्यांत मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज असतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२पासून एक्स्चेंज ऑनलाइनवर नुसत्या युजरनेम-पासवर्डाने मेल जोडण्याची जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. तेव्हा कितीतरी फोन सारखा पासवर्ड मागू लागले. खातं काढून, साइन-इनचं पान येईल अशा रीतीने पुन्हा जोडणं हाच उपाय. अशा खात्यासोबत बऱ्याचदा फोन दुरून पुसून टाकण्याचा अधिकारही कंपनीला मिळतो. फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असेल, त्यात त्याच्या लेकरांचे फोटो असतील, तर ही गोष्ट त्याला आधी सांगितलीच पाहिजे. अँड्रॉइडमध्ये कामाची वेगळी प्रोफाइल करता येते; मग पुसायची वेळ आली तर तेवढीच पुसली जाते.

सगळ्यात जास्त काळजी मला पैशाच्या मेलची वाटते. फोनच्या लहान पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव तेवढं दिसतं, पत्ता लपलेला असतो. स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललेल्या पत्त्यावरून 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल येतो आणि घाईत पैसे भलतीकडे जातात. म्हणून मेल जोडून झाला की मी प्रत्येकाला नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडायला लावतो. शिवाय वेबमेलमध्ये जाऊन कोणी गुपचूप फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का, तेही बघतो. खातं बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावं. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं.

कारखानदारांना एकच विनंती. तुमच्या कंपनीचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव, कोणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्या पत्त्यावर जाते, हे आजच बघून घ्या. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर फोनवर मेल जोडण्याआधी तो बदला.